हाणामारी पाहून हसू का येते? हाँगकाँगच्या जुन्या कुंग फू विनोदपटांची घडण

1978 साली हाँगकाँगमध्ये युएन वू-पिंग या नवख्या दिग्दर्शकाचे दोन चित्रपट अवघ्या काही महिन्यांच्या अंतराने पडद्यावर आले. ‘स्नेक इन द ईगल्स शॅडो’ आणि ‘ड्रंकन मास्टर’ ही त्यांची इंग्रजी नावे. दोन्हींचा नायक जॅकी चॅन, दोन्हींत त्याच्या गुरूच्या भूमिकेत दिग्दर्शकाचे वडील युएन सिउ-तिएन आणि दोन्हींत खलनायक झालेला लाथांचा बादशहा म्हणावा असा कोरियन नट ह्वांग जांग-ली. कथाही जवळपास एकच आहे. सगळ्यांचा मार खाणारा किंवा सगळ्यांच्या खोड्या काढणारा एक तरुण एका विक्षिप्त म्हाताऱ्याच्या तावडीत सापडतो, हाडे खिळखिळी होईपर्यंत तालीम करतो आणि शेवटी आपल्यापेक्षा कितीतरी सरस असलेल्या प्रतिस्पर्ध्याला हरवतो. एवढ्या साध्या कथेवर उभे असलेले हे चित्रपट आज चाळीसहून अधिक वर्षांनंतरही लोक पुन्हा पुन्हा पाहतात, आणि पाहताना लहान मुले व वयस्कर माणसे एकाच ठिकाणी हसतात, याचे कारण त्यांच्या बांधणीत आहे. त्यांत विनोद हा दोन मारामाऱ्यांच्या मधली जागा भरण्यासाठी आलेला नसतो. जो फटका प्रतिस्पर्ध्याला लागतो, त्याच फटक्यातून हशा निर्माण होतो, आणि हे साधायला लागणारे कौशल्य वरवर दिसते त्याहून फार खोलवरचे आहे.

हा प्रकार कसा जन्माला आला हे समजण्यासाठी त्याआधीची पाच वर्षे पाहावी लागतात. 20 जुलै 1973 रोजी ब्रूस लीचे वयाच्या अवघ्या 32व्या वर्षी निधन झाले आणि हाँगकाँगच्या चित्रपटधंद्याचा आधारस्तंभच कोसळला. त्याच्या चित्रपटांनी जगभर कुंग फूची लाट आणली होती, त्यामुळे निर्मात्यांनी त्याच्यासारखा दिसणारा, त्याच्यासारखा ओरडणारा, त्याच्यासारखा संतापणारा नट शोधायला सुरुवात केली. जॅकी चॅनलाही आधी याच साच्यात बसवण्याचा प्रयत्न झाला. दिग्दर्शक लो वेई यांनी 1976 साली त्याला घेऊन ‘न्यू फिस्ट ऑफ फ्युरी’ काढला, पण सूडाने पेटलेला, करारी चेहऱ्याचा नायक त्याच्या अंगाला मानवत नव्हता आणि प्रेक्षकांनाही तो पटला नाही. लो वेई यांनी त्याला दोन चित्रपटांसाठी निर्माते इंग सी-युएन यांच्या छोट्या कंपनीकडे उसना दिला. ते दोन चित्रपट म्हणजेच वर सांगितलेली 1978ची जोडी. चॅनने पुढे अनेक मुलाखतींत आपला मार्ग साध्या शब्दांत सांगितला आहे: ब्रूस ली लाथ उंच मारतो म्हणून आपण खाली मारायची, तो एका ठोशात समोरची वस्तू फोडतो म्हणून आपण ठोसा मारून स्वतःचाच हात चोळत बसायचे.

याच काळात हाँगकाँगच्या विनोदाचीही भाषा बदलत होती. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला तिथले बहुतेक चित्रपट मँडरिन भाषेत निघत होते, खुद्द शहरातली बहुसंख्य माणसे मात्र कँटोनीज बोलत होती. 1973 साली चाळीतल्या भाडेकरूंच्या जीवनावरचा ‘द हाऊस ऑफ 72 टेनंट्स’ हा कँटोनीज विनोदपट तुफान चालला आणि पाठोपाठ मायकल हुई व त्यांच्या भावांनी पगार, घरभाडे, जुगार आणि मालकाची कटकट यांवर बेतलेले चित्रपट काढले. त्यांच्या 1976च्या ‘द प्रायव्हेट आईज’मध्ये स्वयंपाकघरातली एक मारामारी आहे, तीत मायकल हुई सॉसेजची माळ ब्रूस लीच्या नानचाकूसारखी, म्हणजे साखळीने जोडलेल्या दोन दांडक्यांच्या त्याच्या शस्त्रासारखी, फिरवतात. त्या चित्रपटाच्या मारामाऱ्या सॅमो हंग या नट-दिग्दर्शकाने बसवल्या होत्या. ब्रूस लीविषयीचा आदर आणि त्याच्या वलयाखालून बाहेर पडण्याची इच्छा या दोन्ही गोष्टी त्या एका प्रसंगात एकत्र दिसतात.

कुंग फू विनोदपटाची खरी सुरुवात मात्र बहुतेक अभ्यासक 1975च्या ‘द स्पिरिच्युअल बॉक्सर’पासून मानतात. लाऊ कार-लिउंग यांचे दिग्दर्शक म्हणून हे पदार्पण. ते स्वतः दक्षिण चीनच्या हुंग गार या परंपरेतले अस्सल कुंग फू गुरू होते. त्यांचे वडील लाम साई-विंग यांचे शिष्य, आणि लाम साई-विंग हे वाँग फेई-हंग यांचे शिष्य. इतकी मोठी परंपरा पाठीशी असलेल्या माणसाने पहिला चित्रपट काढला तो अंगात देव आणण्याचे सोंग करून खेडुतांना फसवणाऱ्या एका भामट्यावर. मला हे फार महत्त्वाचे वाटते, कारण विद्येची थट्टा करण्याचा अधिकार तिच्यात मुरलेल्या माणसाला असतो, आणि ती थट्टा कुठवर करायची हेही त्यालाच कळते. त्या भामट्याला शेवटी देवाचे नाव न घेता स्वतःच्या हातापायांच्या बळावर लढावे लागते.

वर ज्यांचा उल्लेख आला ते वाँग फेई-हंग ही खरी ऐतिहासिक व्यक्ती. 1847 साली फोशानजवळ जन्मलेले हे वैद्य आणि कुंग फू गुरू कँटोनीज माणसांना देवासमान. क्वान ताक-हिंग या नटाने 1949पासून सत्तरहून अधिक चित्रपटांत त्यांची भूमिका केली, आणि ती नेहमी धीरगंभीर, नीतिमान, क्षमाशील वडीलधाऱ्याची असे. ‘ड्रंकन मास्टर’मध्ये जॅकी चॅन साकारतो तो हाच वाँग फेई-हंग, पण विशीतला, उनाड, बापाला नकोसा झालेला. हा धक्का आज आपल्याला आपोआप जाणवत नाही, म्हणून तो मुद्दाम सांगावा लागतो. त्या वेळच्या प्रेक्षकाने ज्या महापुरुषाला लहानपणापासून पडद्यावर उपदेश करताना पाहिले होते, तोच महापुरुष इथे उपाहारगृहात फुकट जेवून पळायला बघतो आणि पकडला जातो. अपमान मात्र कुणाचा होत नाही, कारण तालमीच्या वाटेने तो शेवटी त्याच मोठेपणापाशी पोहोचतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मारामारीत विनोद येतो कुठून? याचे उत्तर बीजिंग ऑपेरा या नाट्यपरंपरेत आहे. जॅकी चॅन, सॅमो हंग आणि युएन बियाओ हे तिघेही हाँगकाँगमधल्या यू जिम-युएन यांच्या ऑपेरा शाळेचे विद्यार्थी. आईवडील करार करून मुलांना तिथे ठेवत. वर्षानुवर्षे पहाटेपासून रात्रीपर्यंत शीर्षासने, कोलांट्या, शस्त्रांचे हात, गायन आणि अभिनय असा क्रम चाले, आणि चुकले की छडी बसे. सॅमो हंगने पुढे 1988च्या ‘पेंटेड फेसेस’मध्ये आपल्या या गुरूचीच भूमिका केली. या परंपरेत लढणारा विदूषक अशी स्वतंत्र भूमिका आधीपासून आहे, म्हणजे हसवणे आणि उत्तम कसरत करणे ही एकाच नटाची जबाबदारी मानलेली आहे. तिचा प्रसिद्ध नमुना म्हणजे तिठ्यावरच्या खानावळीत घडणारा एक जुना प्रवेश, ज्यात दोन माणसे मिट्ट काळोखात एकमेकांना शोधत लढतात. रंगमंचावर मात्र लख्ख उजेड असतो. एकाची तलवार दुसऱ्याच्या नाकासमोरून जाते, दोघे पाठीला पाठ लावून दचकतात, आणि प्रेक्षकाला सगळे दिसत असते. धोका आणि गंमत एकाच हालचालीत कशी मावते याचा हा धडा त्या मुलांनी चित्रपटात येण्याच्या फार आधी अंगात मुरवला होता.

दुसरा धडा लयीचा. या ऑपेरामध्ये झुंजीला ढोल, झांजा आणि थाळ्यांची साथ असते, आणि वेगवान हालचालींच्या शेवटी नट एका पवित्र्यात क्षणभर निश्चल होतो. अमेरिकी चित्रपट-अभ्यासक डेव्हिड बोर्डवेल यांनी हाँगकाँगच्या मारामाऱ्यांतली हीच लय हेरली: थांबा, हालचालींचा स्फोट, पुन्हा थांबा. आपल्या संगीतातली सम जशी ऐकणाऱ्याला आधीपासून खुणावत असते आणि ती आली की मान आपोआप डोलते, तसा हा थांबा पाहणाऱ्याला कुठे श्वास घ्यायचा ते सांगतो. विनोदासाठी हा थांबा अनमोल आहे. ठोसा बसल्यानंतरच्या त्या अर्ध्या क्षणात चेहरा दिसतो, दुखलेला हात झटकलेला दिसतो, आपण कुठे येऊन अडकलो याची जाणीव डोळ्यांत उमटते. हल्लीच्या अनेक देमार चित्रपटांत हा थांबाच उरलेला नाही. तिथे कॅमेरा हलत राहतो, दर सेकंदाला चौकट बदलते आणि कोणी कोणाला काय केले हे प्रेक्षकाने आवाजावरून ओळखायचे असते. जे नीट दिसलेच नाही, त्यावर हसणार कसे?

हाँगकाँगमध्ये हे नीट दिसावे याची व्यवस्था कामाच्या पद्धतीतच होती. मारामारी बसवणारा दिग्दर्शक वेगळा असे आणि झुंजीचा प्रसंग आला की कॅमेरा कुठे ठेवायचा, तुकडा किती लांब घ्यायचा, हेही तोच ठरवी. प्रसंग आधी सलग बसवून मग अनेक कॅमेऱ्यांनी टिपण्याऐवजी पाच-सहा हालचालींचा एकेक तुकडा जागेवरच रचला जाई, त्या तुकड्याला साजेसा कॅमेरा लावला जाई, आणि मनासारखे होईपर्यंत तो पुन्हा पुन्हा घेतला जाई. डोक्यापासून पायापर्यंत शरीर चौकटीत राही. चित्रीकरण सेकंदाला 24 चौकटींऐवजी 22 किंवा 20 चौकटींनी केले की पडद्यावर हालचाल किंचित वेगवान दिसते, ही युक्तीही सर्रास वापरली जाई. कपड्यांवर पावडर शिंपडून ठेवत, म्हणजे लाथ बसताच धुरळा उडे आणि फटक्याचा जोर डोळ्यांना दिसे. सगळा जीव धोक्यात घालून केलेली उडी तर एकदाच दाखवून भागत नसे. ‘पोलीस स्टोरी’मध्ये (1985) चॅन मॉलमधल्या दिव्यांनी वेढलेल्या खांबावरून खाली घसरतो ते दृश्य वेगवेगळ्या कोनांतून पुन्हा दाखवले जाते, आणि ‘प्रोजेक्ट ए’मध्ये (1983) तो घड्याळाच्या मनोऱ्यावरून कापडी छतांवर आपटत खाली येतो तेही दोनदा दिसते. कथेच्या हिशेबाने हे चूकच, पण त्या क्षणी चित्रपट कथा बाजूला ठेवून ‘हे खरेच घडले आहे, नीट पाहा’ असे सांगत असतो.

या घड्याळाच्या प्रसंगाचा धागा थेट 1923च्या ‘सेफ्टी लास्ट!’ या मूकपटाशी जुळतो, ज्यात हॅरॉल्ड लॉइड उंच इमारतीवरच्या घड्याळाच्या काट्याला लोंबकळतो. ‘प्रोजेक्ट ए’च्या 1987च्या दुसऱ्या भागात चॅनवर एक भिंत कोसळते आणि भिंतीतल्या मोकळ्या जागेमुळे तो वाचतो. ती बस्टर कीटनच्या 1928च्या ‘स्टीमबोट बिल, ज्युनियर’ची आठवण आहे. मूकपटांतल्या या नटांना आणि ऑपेरात वाढलेल्या या मुलांना जोडणारी गोष्ट म्हणजे संवादांवाचून बोलणारे शरीर.

या शरीराला दुखते, हे कुंग फू विनोदपटाने नव्याने सांगितले. आधीचा नायक जखमी झाला तरी त्याचा संताप वाढे, वेदना दिसत नसे. इथे वेदनेचा पुरता हिशेब मांडला जातो. ‘द यंग मास्टर’च्या (1980) शेवटच्या लांबलचक झुंजीत हापकिडो या कोरियन युद्धकलेत तरबेज असलेला ह्वांग इन-शिक चॅनला अक्षरशः पिळून काढतो, त्याचे सांधे मुरगळतो, त्याला पुन्हा पुन्हा जमिनीवर आपटतो. नायकाकडे त्याला उत्तर देणारे कौशल्यच नसते. शेवटी पोटात हुक्क्याचे पाणी गेल्यावर तो वेड्यासारखा उसळतो आणि मार लागतोय याची पर्वाच सोडून देतो. हसू येते, पण त्यात करुणा मिसळलेली असते, आणि त्या करुणेमुळेच त्याचे जिंकणे आपल्याला आपले वाटते. सॅमो हंगचे उदाहरण वेगळे. त्याचे स्थूल शरीर पाहून प्रेक्षक मनात जो अंदाज बांधतो, तो त्याची पहिलीच गिरकी खोटा ठरवते. पहिल्यांदा हसू येते ते आश्चर्याचे, आणि पुढे त्या शरीराविषयी मनात निखळ आदर उरतो.

माझ्या मते या प्रकारातला सर्वांत तलम विनोद मात्र मार दाखवण्यापेक्षा तो लपवण्यात आहे. लाऊ कार-लिउंग यांच्या 1979च्या ‘डर्टी हो’मध्ये एक राजपुत्र वेश बदलून फिरत असतो आणि त्याचा काटा काढू पाहणारे लोक त्याला मद्य चाखायला आदराने बोलावतात. प्याले भरले जातात, मद्याच्या गुणांची रसिकतेने चर्चा होते, चेहऱ्यावरचे स्मित ढळत नाही, आणि त्याच वेळी मेजाखाली आणि बाह्यांच्या आड जीवघेण्या लाथा-ठोशांची देवाणघेवाण चालू असते. उघड भांडण कोणालाच परवडणारे नाही, त्यामुळे प्रत्येक हल्ला आग्रहासारखा आणि प्रत्येक बचाव नम्र नकारासारखा दिसावा लागतो. युएन वू-पिंग यांच्या त्याच वर्षीच्या ‘द मॅग्निफिसंट बुचर’मध्ये सत्तरी ओलांडलेले क्वान ताक-हिंग पुन्हा वाँग फेई-हंग होऊन येतात. भांडायला आलेला प्रतिस्पर्धी कागद आणि कुंचला त्यांच्या हाती लागू देत नाही, आणि ते मात्र त्याला अडवत, चकवत सुलेखन सुरूच ठेवतात. अशा प्रसंगांत शिष्टाचार हाच लढाईचा नियम बनतो. नियम जितका कडक, तितकी तो न मोडता निसटण्याची गंमत अधिक.

तालमीच्या प्रसंगांबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण नव्या प्रेक्षकाला ते लांबलेले वाटतात. ‘ड्रंकन मास्टर’मध्ये गुरू नायकाला उलटा टांगतो आणि खालच्या बादलीतले पाणी छोट्या प्याल्यांनी वरच्या बादलीत भरायला लावतो. प्रत्येक प्याल्यासाठी पोटाच्या बळावर पूर्ण वर उठावे लागते. हे दृश्य हास्यास्पद आहे, पण त्यात दिसणारा घाम खरा आहे आणि ते स्नायू त्या शाळेत घडलेले आहेत. त्याच चित्रपटात गुरू मद्यधुंद माणसासारखी झुलणारी एक शैली शिकवतो. ती चिनी पुराणकथांतल्या आठ सिद्धांच्या लकबींवर बेतलेली असते, एक लंगडा, एक बलदंड, आणि त्यांत एक स्त्री. तिच्या नाजूक हालचाली नायकाला कमीपणाच्या वाटतात म्हणून तो त्या शिकायचे टाळतो. शेवटच्या झुंजीत बाकीचे सातही डाव संपतात आणि नेमकी तीच आठवी लकब हवी असते. मग तो आधीच्या सातांचे मिश्रण करून स्वतःचीच एक आठवी लकब रचतो, तीही लचकत-मुरडत. आळस, अहंकार, पेच आणि सुटका हा सगळा प्रवास एकाही उपदेशाच्या वाक्याशिवाय शरीराच्या भाषेत पूर्ण होतो. प्रत्येक शैलीला ओळखता येईल असा आकार असतो, त्यामुळे कुंग फूचे काहीही न कळणारा प्रेक्षकही कोणता डाव चालला आणि कोणता फसला हे पाहू शकतो.

या चित्रपटांत दोषही पुष्कळ आहेत. पटकथा घाईत जुळवलेल्या असतात, तोंडे वेंगाडून केलेला विनोद अनेकदा कंटाळा आणतो, आणि दिसण्यावरून किंवा शारीरिक व्यंगावरून केलेली थट्टा आज बघवत नाही. स्त्रियांच्या वाट्याला बहुधा किरकोळ भूमिका येतात. याला ठळक अपवाद म्हणजे लाऊ कार-लिउंग यांचा ‘माय यंग आंटी’ (1981), ज्यात नात्याने काकी असलेली तरुण नायिका स्वतःहून वयाने मोठ्या पुतण्याला नात्याचा मान पाळायला लावते. या भूमिकेसाठी कारा हुई हिला पहिल्याच हाँगकाँग चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला.

आपल्याकडे अनेकांनी हे चित्रपट हिंदी डबिंगमध्ये टीव्हीवर पाहिले आहेत आणि ओठ व शब्द जुळत नाहीत हे त्यांना खटकलेही असेल. पण त्या काळी हाँगकाँगमध्ये बहुतेक चित्रपट आवाजाशिवाय चित्रित होत आणि संवाद नंतर भरले जात, त्यामुळे मूळ कँटोनीज प्रतही एका अर्थाने डबच केलेली असते. तरी शक्य असेल तर मूळ भाषेत आणि उपशीर्षकांसह पाहावे, कारण शिव्या, आर्जवे आणि फुशारक्या यांचा कँटोनीज सूर मारामारीच्या लयीत नेमका बसतो.

असे चित्रपट आता फारसे का बनत नाहीत, याचे एक कारण अगदी व्यावहारिक आहे. ज्या ऑपेरा शाळांतून हे कलावंत निघाले, त्या प्रेक्षक आटल्यामुळे बंद पडल्या. दहा-दहा वर्षे रोज घडवलेली शरीरे पडद्याला पुरवणारी दुसरी व्यवस्था उभी राहिली नाही, आणि त्या पद्धतीचे कष्ट व छडी लक्षात घेता ती तशीच पुन्हा उभी राहावी असे कोणी म्हणणारही नाही. 2004 साली स्टीफन चाऊ यांनी ‘कुंग फू हसल’ काढला तेव्हा चाळीचा मालक आणि मालकीण या भूमिकांसाठी त्यांनी युएन वाह आणि युएन क्यू यांना घेतले. दोघेही यू जिम-युएन यांचेच जुने विद्यार्थी.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी ‘ड्रंकन मास्टर’नंतर सॅमो हंगने दिग्दर्शित केलेला ‘द प्रॉडिगल सन’ (1981) जरूर पाहावा. त्यात युएन बियाओ एका श्रीमंत घरातला मुलगा आहे. आपण गावातले सर्वांत भारी लढवय्ये आहोत असे त्याला वाटते, पण वडिलांनी पैसे वाटून त्याचे सगळे प्रतिस्पर्धी मुद्दाम हरायला लावलेले असतात. एका ऑपेरा मंडळीतला, स्त्रीभूमिका करणारा, दम्याने बेजार झालेला नट हे सत्य त्याला पहिल्याच झुंजीत दाखवून देतो. ती भूमिका लाम चिंग-यिंग यांची आहे. त्यांच्या हातांच्या छोट्या, काटकसरी हालचाली आणि मधेच अडणारा श्वास यांकडे नीट लक्ष द्यावे, कारण पुढे त्यांच्या झुंजीचे पारडे त्या श्वासावरच फिरते.